बदली

दौलतगंजात नऊला शटर पडलं
की ठोसरांच्या झेरॉक्सच्या पायरीवर आमची कमिटी बसते.
ग्वाल्हेरचा जानेवारी. वाक्याआधी तोंडातून वाफ निघते.
मध्ये वर्तमानपत्रावर मुरैन्याची गजक
आणि माझी वही, कारण खजिनदार मी:
शिल्लक अकरा हजार चारशे,
त्यातले नऊशे चांदोरकरांनी अजून दिलेलेच नाहीत.

एवढ्यात कोण येतो, सांगा.

इंगवले म्हणतो, मुरारचा तो डाव्या पायाचा पोरगा घ्या,
कॉर्नर असा वळवतो, जशी बोळातून कुणी स्कूटर काढावी.
ठोसर म्हणतात, झाशीच्या रेल्वेतला टोप्पो,
मधल्या फळीत उभा राहिला की वारासुद्धा वळसा घालतो.
पण येणार कसा? धुक्यात गाडी सात तास लेट,
तो उतरेल तेव्हा आपण जाळी गुंडाळत असू.
आणि डबऱ्याचा स्ट्रायकर? त्याला बूट हवेत,
शिवाय बूट आणायला जायचं पेट्रोल.

"गोल मारणारे शंभर मिळतील,"
चांदोरकर गजकेचा चुरा बोटाने टिपत म्हणाले,
"मागे कोण आहे ते बघा."

मागे कुणी नाही.
दोन बॅक पहाटेपासून भरतीच्या तयारीला धावतायत,
सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटं.
एक कोट्याला गेला, आपली सहा फूट उंची घेऊन.
बेंचवर तिघं: एकाचा गुडघा, एकाचं लग्न,
आणि पिंट्या, ज्याला फक्त बाटल्या भरायला आवडतं.
गोलकीपर एकच होता.
त्याचं मनगट परवा बाइकवरून पडून मोडलं.

म्हणून बुधवारी आम्ही चौघं बिरलानगरला.
मिलची चिमणी धुक्यात अर्धीच उभी.
ब्रजेश कुशवाह खाटेवर, गार्डच्या वर्दीतच झोपलेला,
एक हात खाली लोंबता. केवढा पंजा!
इंगवलेने मला कोपराने ढोसलं.
आई म्हणाली, "खेले, किसने रोका है.
पर इतवार को दो से दस, एटीएम पे कौन बैठेगा?
एक नागा, और छुट्टी."
मग भिंतीवरच्या फोटोकडे न बघता म्हणाली,
याचे वडील मिलमध्ये बदलीवर होते.
रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे.
कुणी आजारी पडावं म्हणून नाही,
पण पडलंच, तर.

आम्ही चहा प्यायलो.
बेंच कशी मजबूत हवी यावर ठोसरांचं एक भाषण आहे,
ते त्यांनी बशीबरोबर खाली ठेवलं.
परतताना टेम्पोत मुरारच्या पोराचं नाव कुणी काढलं नाही.
पडावच्या पुलावर चांदोरकर एकदम म्हणाले,
"त्याची कंबर किती असेल रे?"

रविवारी दोनला
वीज मंडळातून निवृत्त चांदोरकर, वय त्रेसष्ट,
हजीऱ्याच्या एटीएमबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत:
वर्दी खांद्यात सैल, पोटावर ताठ,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
मी मैदानाच्या कडेने फोनवर ओरडतोय:
डावीकडे झेप! काढला! अहो, काढला!
"हळू," ते म्हणतात, "ड्यूटीवर आहे मी.
इथे एका काकूंना पिन आठवत नाहीये."

दुसऱ्या हाफमध्ये एक गेला आत,
साधा, गवतावरून घसटत, ब्रजेशच्या दोन पायांमधून.
तो मी त्यांना लगेच सांगितला नाही.

रात्री पायरीवर वही उघडली.
ब्रजेश कुशवाह, गोलकीपर: रुपये शून्य.
गजक, अर्धा किलो: खर्ची.
त्याखाली जरा जागा सोडून,
कुणी बघत नाही असं बघून लिहिलं:
चांदोरकर, नऊशे. जमा.