हतनूरचा फुगवटा

सुपडू भोई वल्हं उचलून धरतो,
थेंब गळू देतो. "आता बोलू नका."
उघड्या पडलेल्या टेकाडावर
नदीसुरयची अंडी, वाळूच्याच रंगाची.
मला दिसत नाहीत. त्याला दिसतात.

मार्च सरत आलाय. वहीत लिहिते:
चक्रवाक एकोणीस, परतायच्या बेतात.
पट्टकादंब...
खोडते, पुन्हा मोजते.
पलीकडच्या केळीतला पंप
ठकठकत राहतो.

"समुद्र पाहिलात का हो कधी?"
"नाही. तापी जाते ना, ती सांगीन."

मग नावेखाली बोट दाखवतो.
"अठी आमचं खळं होतं."

वाकून बघते.
शेवाळ, एक मासोळी,
आणि माझीच टोपी, हलती.

मागे पंखांचा फडफडाट.
"उडाले तुमचे," तो म्हणतो.
"लिहा आता अंदाजानं."