शंभरातले त्रेसष्ट

फर्मागुडीच्या प्रयोगशाळेत, पडदे ओढून,
सुलक्षा वेळीप लाल लेझर सोडते
मसुराएवढ्या सिलिकॉनवर.

शंभर कण निघाले.
तीस उंबऱ्यावरूनच माघारी,
भिंतीवर त्यांचा थरथरता डाग.
सत्तर आत गेले;
सात वाटेतच कुठेतरी जिरले,
त्यांचा डागही नाही.
त्रेसष्ट तेवढे तारेपर्यंत पोचले, वीज झाले.

ती वहीत लिहिते :
वॅटमागे शून्य पूर्णांक तेहतीस अँपिअर.

काल काणकोणहून आईचा फोन.
काजू मोहरलाय, मामाचा गुडघा, पंप परत बिघडला.
‘आयकता मगे?’
हो, ती म्हणाली. हो हो.
या होकारांना मीटर लावलेला नाही कुणी.

दुसरा तुकडा जांभळ्या मुलाम्याचा.
आलेला उजेड जवळजवळ परतवतच नाही,
म्हणून दिसतही नाही.
तारा जोडून काळ्या मखमलीवर ठेवला
आणि हरवला.
बोट लावायचं नाही, डाग पडतो.
वाकून, श्वास धरून शोधते. छे.

शेवटी पडदाच सरकवते, चार बोटं.
फटीतून ऊन आत आलं.
तुकडा अजून दिसेना,
पण मीटरचा काटा
केव्हाच उठून उभा होता.