चवदाघर

गॅझेटियरात आमच्या वाट्याला दीड ओळ आली आहे:
‘विहीर एक, पाणी मचूळ. बाजार नाही.’
उरलेल्या अर्ध्या ओळीत गावाचं नाव,
आणि नावातच चूक.

सासवडच्या पुढं, डोंगराच्या पाठीला
घरं होती तेरा. कुणीही मोजावीत.
इंग्रजांचा मोजणीदार आला, साखळी टाकली,
ओढ्याकाठी तंबू ठोकून रात्रभर निजला
आणि सकाळी लिहिलं: चौदा.
आतार म्हणतात, त्यानं स्वतःचा तंबू धरला.
कुंजीर म्हणतात, कटक्यांचा शेळ्यांचा गोठा.
कटके म्हणतात, कुंजिरांत तेव्हाच दोन चुली झाल्या होत्या,
सांगत नव्हते.

मग धाकट्या रुळांची गाडी आली,
दीड मिनिट थांबायची.
मुगुटराव कुंजीर कमिशनवर तिकिटं फाडत,
पुठ्ठ्याची, पानाच्या डब्यात ठेवलेली,
आणि अंजिराची शेवटची पाटी बांधावरून दिसेस्तोवर
गार्डाला तंबाखू मळून देत राहत.
पहाटे तोडलेलं अंजीर दहाला पुण्याच्या मंडईत.
पुणेकरांना वाटायचं ते सासवडचं.
आम्ही कधी खोडून काढलं नाही.

रूळ रुंद झाले, गाडी थांबेनाशी झाली.
‘माणसांचंही असंच होतं,’ मुगुटराव म्हणाले,
आणि उरलेली एकशे बारा तिकिटं
नातवंडांना पत्ते खेळायला दिली.

बहात्तरला पाऊस आलाच नाही.
कुंजीर नि कटके एकाच ढिगावर खडी फोडत बसले,
एकाच पातेल्यातली सुकडी खाल्ली,
पाझर तलाव बांधला.
तलावात पाणी आलं
तशी भांडणंही परत आली.

स्वभाव विचाराल तर
आम्ही उसनी कुऱ्हाड देत नाही.
कुऱ्हाड घेऊन स्वतः येतो
आणि तुमचं सरपण फोडून जातो, तुमच्याच चहाला नावं ठेवत.
लग्नात रुसतो. मयताला बोलवावं लागत नाही.
इनुस आतार बांगड्या भरायला आला, ओढ्याला पाणी म्हणून अडकला;
त्याचा नातू आज पोलीसपाटील.
देवाला छप्पर घालायचं दर चैत्रात ठरतं,
दर चैत्रात वर्गणीचा हिशेब चुकतो,
देव उन्हात.

मी एकतीस वर्षं इथं टपाल वाटलं.
एकदा एक अंतर्देशीय आलं,
‘घर क्रमांक चौदा’ एवढाच पत्ता,
आत कुणा फौजीनं खुशाली विचारलेली.
तेराही दारांत नेलं.
प्रत्येकानं वाचलं, कुणाचंच नव्हतं.
शेवटी माझ्या ओट्यावर बसून
सगळ्यांनी मिळून उत्तर लिहिलं: आम्ही बरे आहोत,
म्हैस व्यायली, तू थंडीत जप.
पुढं सहा वर्षं त्याची पत्रं येत होती.
मग थांबली.
त्या दिवाळीत कुणाच्याच अंगणात आकाशकंदील नव्हता.
कुणी ठरवलं नव्हतं.

परवा दोन पोरं आली, रस्त्याच्या मोजणीची.
ड्रोन उडवला. कोंबड्या आतारांच्या पलंगाखाली.
नऊ घरांना कुलूप, हे वरून कळत नाही.
एक पोरगा पडद्यावर बोट ठेवून मोजत होता,
तेरावर येऊन अडला, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.
ठकूबाई कटके चहाची बशी घेऊन शेजारी उभी.
म्हणाली, ‘तुमचा तंबू कुठं टाकणार?’
‘तंबू कशाला मावशी? आम्ही संध्याकाळी पुण्याला परत.’

ती बराच वेळ ओढ्याकडं बघत राहिली.
मग म्हणाली, चहा तरी घ्या,
गार होतोय.