दंतवैद्य, सव्वादहा

इर्या, तुझ्या कॅलेंडरवर गुरुवार अजून गोलात आहे:
दंतवैद्य, सव्वादहा.
जबडा ठणकतोय म्हणालीस, गार चमचा गालाशी धरलास,
आणि बुधवारी रात्री सौनाच्या पायरीवर टेकलीस
ती टेकलीसच.

आपल्या गावात हृदय म्हणजे पुरुषांचं दुखणं.
बाबा गेले लाकडं फोडताना, माझा एइनो बर्फ उपसताना,
छातीवर मूठ दाबून, सगळ्यांना कळेल असे.
आपण कॉफी ओतत राहिलो,
पावावर लोणी थापत राहिलो.

आठवतं, पन्नाशीत आपण दोघी
उणे वीसमध्ये, नुसत्या गाउनवर, अंगणात?
अंगातून वाफा निघतायत म्हणून
शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकेपर्यंत हसलो होतो.
मग पाळी गेली, वाफाही गेल्या.
सुटलो, म्हणालो.
जाताना ती दारावरचा पहारेकरीही घेऊन गेली,
हे कोण सांगणार?

आज नर्सने पोटाभोवती फीत गुंडाळली.
“सत्त्याण्णव,” म्हणाली, हळूच, दुसऱ्याचं वय सांगावं तशी.
जन्मभर कंबर कसली गं,
मोजली नव्हती कधी.
बोटातून थेंब घेतला. दंडावरचा पट्टा फुगला,
बराच वेळ फुगून राहिला.

“घरात कुणाला हृदयाचं?”
बाबांचं सांगितलं.
मग म्हणाले, बहीण. दात दुखत होता तिचा.
लिहिता लिहिता तिचा हात थांबला.

गोठलेल्या तळ्यावरून चालतच घरी आले.
राईचा पाव कोरडाच खाल्ला.
वाईट लागतो, इर्या.
फार वाईट लागतो.