तबकडी

कुरेनलाम्पीच्या मधोमध होडी थांबवायची,
दुपारी बाराच्या सुमारास, वारा पडलेला असताना,
आणि तायमीने सावलीच्या बाजूने ती पांढरी तबकडी सोडायची.
मुळात ते सुपाच्या पातेल्याचं झाकण,
खाली शिसं बांधलेलं,
दोरीला दर दहा सेंटिमीटरवर लाल लोकरीची गाठ.
वल्ही माझ्याकडे, डोळे तिचे.
एकवीस उन्हाळे हीच वाटणी.

“गेली,” ती म्हणायची,
आणि मी वहीत गाठी मांडायचो.
पाण्याचं नितळपण म्हणजे एवढंच:
पांढरं काही किती खोलवर पांढरं राहतं.

अठ्ठावीस. सत्तावीस. पुन्हा अठ्ठावीस.
मग एका जूनमध्ये बावीस.
ऑगस्टात एकोणीस.
पुढच्या वर्षी
चौदा.

शाळेच्या जेवणघरात सभा भरली,
कधी नव्हे ती दोन्ही काठांची माणसं एका छताखाली.
उरपो, ज्याने तीस वर्षं
आपल्या शेताच्या चराला कुणाला हात लावू दिला नव्हता,
उठला, चौदा हा आकडा दोनदा मोठ्याने वाचला
आणि म्हणाला, खणा.
चराच्या तोंडाशी गाळ बसायला डबकं खणलं.
केर्टूने सौनाचं फेसाळ पाणी वळवून बर्चच्या मुळांशी नेलं.
शरदात जाळी लागली, सार्की मासे निघाले चार टन,
शेवटी शेवटी मांजरांनीही तोंड फिरवलं.
लव्हाळी कापताना सिरक्काच्या नवऱ्याची अंगठी पाण्यात गेली,
तो सांगत फिरतो, दुसरं लग्न झालं.
हिवाळ्यात पोरांनी बर्फावरच ओंडक्यांचा तराफा बांधला,
वर शेवाळ अंथरलं, कुइक्का पक्ष्यांनी अंडी घालावीत म्हणून;
काठावरचं घरटं दर साली होड्यांच्या लाटा नेत.

आता सांगतो, जे सभेत सांगितलं नाही.

त्या पहिल्या जूनमध्येच
तायमी “गेली” म्हणाली तेव्हा
मी सहज वाकलो होतो.
तबकडी गेली नव्हती.
तपकिरी पाण्यात चांगली दिसत होती,
सोलून ठेवलेल्या बटाट्यासारखी.
मी बावीस लिहिलं.

आधी भीड म्हणून.
जिने मला अक्षरं ओळखायला शिकवली
तिच्या नजरेत कसली चूक काढायची!
मग उरपो उठला,
आणि भिडेच्या जागी दुसरंच काही येऊन बसलं.
चौदाला माणसं येतात.
अठ्ठावीसला कोण येतं?

मार्चमध्ये जिल्ह्याच्या इस्पितळात
तिचे दोन्ही मोतीबिंदू काढले.
बर्फ वितळल्यावरच्या पहिल्या मोजणीला
ती वाकली, दोरी सोडत गेली,
सोडतच गेली,
लाल लोकर एकेक करून बोटांतून निसटत राहिली.
एकतीस.

होडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.
“तळं बरं होतं,” ती म्हणाली. “मीच गढूळ होते.”
मग माझ्याकडे पाहिलं.
दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला नीट दिसलो असेन.
“आणि तुला माहीत होतं.”

मी वल्ह्यांवरचं पाणी निथळू दिलं.
अठ्ठावीसच्या वरच्या त्या तीन गाठी
तळ्याच्या की डॉक्टरच्या, कुणास ठाऊक.
पलीकडे तराफ्यावर कुइक्का बसली होती,
मान शेवाळाशी टेकवून, आमच्यावर लाल डोळा रोखून.

तिने वही मागितली.
खोडेल असं वाटलं.
चौदाच्या ओळीवर बोट ठेवून तिने पेन्सिल उचलली
आणि फक्त तारीख दुरुस्त केली;
सातला मी सहा लिहिलं होतं.

“सरक,” म्हणाली, “आता बघायचं तू.”
ऐंशीला टेकलेली बाई,
वल्ही कधी धरलेली नाहीत.
परतताना होडी
काठापर्यंत वाकडीच चालली.