अडचणीचे स्वरूप

सायकल स्टँडच्या शेवटच्या खांबामागे
आमच्या विद्यार्थी परिषदेचं कार्यालय:
एक टेबल, दीड खुर्ची,
आणि भिंतीवर गेल्या निवडणुकीतलं माझंच आडनाव.
कंखरे.
त्यातला 'कं' पावसाने नेला, उरलं 'खरे'.
पोरं हसतात. मीही.

इथे काय मिळतं ते फळ्यावर आहे.
बसपासवर सही. जुनी पुस्तकं, पाव किमतीत.
हरवलेल्या ओळखपत्राचा अर्ज.
भांडणात मधे पडणारा माणूस, म्हणजे मीच.
आणि अगदी तळाला, खडू संपत आल्यासारखं:
साहाय्य निधी, चौकशी आत.

आत म्हणजे टेबलाच्या या बाजूला.

पात्रता मला पाढ्यासारखी येते.
उत्पन्नाचा दाखला, चालू वर्षाचा.
दुसरी शिष्यवृत्ती नको.
विषय राहिलेला नको.
हजेरी पंचाहत्तर टक्के.
मग रकाना नऊ: अडचणीचे स्वरूप, थोडक्यात.
त्याला दोन ओळी दिल्यात.
दुसरी अर्धीच, पुढे शिक्क्याची जागा.

शिंदखेड्याहून पॅसेंजरने येणारा योगराज भदाणे
पेन चावत विचारतो,
"भाऊ, आठे काय लिखू? बाप शे, आन नही बी शे."
मी म्हणतो, एकच काहीतरी लिही.
तो लिहितो: वडील आहेत.
खोडतो.
सही बापाचीच लागते, म्हणून पुन्हा लिहितो.

डिसेंबरात रोशना वसावे आली.
नंदुरबारात राहून दुसरं काय करणार,
मिरचीच्या पथारीवर देठ खुडते, आईबरोबर, किलोवर.
चुकून डोळ्याला लागू नये म्हणून
डावा हात मांडीखाली दाबून बसली होती.
उजव्याचं बोट कागदावर उमटलं, लालसर.
मला शिंक आली.
रकाना नऊ तिने कोराच ठेवला.
"कळलं ना तुम्हाला? मग लिहू कशाला."

हजेरी, एकसष्ट.

निकुंभ भाऊसाहेब वाईट माणूस नाहीत.
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"पोरगी वर्गात का नसते?"
कामाला जाते.
"कामाला का जाते?"
पैसे नाहीत.
"मग निधीला अर्ज करायचा ना!"
केलाय. हाच तो.
"पण हजेरी?"
त्या गोल रस्त्याने आम्ही दोघं तीनदा फिरलो.
चौथ्यांदा त्यांनी चहा मागवला,
आणि कप येईपर्यंत
मागच्या वर्षाची फाइल माझ्याकडे सरकवली, काही न बोलता.

शेवटच्या पानावर, टाइप केलेलं:
पात्र विद्यार्थी पुरेसे न आढळल्याने
शिल्लक रक्कम परत वर्ग करण्यात येत आहे.

न आढळल्याने.
म्हणजे कुणीतरी शोधायला गेलं होतं?
कुठे? कोणत्या बसने? दुपारी की
पथारीवर पोती शिवायच्या वेळी?

दुसऱ्या दिवशी मी रोशनाला म्हटलं, कागद पालट.
पाठीमागे ओळी नाहीत, शिक्का नाही, काहीच नाही.
"मागचं कोण वाचतं?"
तू लिही.
तिने खालपर्यंत लिहिलं.
किलोचा भाव. पहिल्या तासाची वेळ आणि पहिल्या टेम्पोची वेळ,
जी एकच आहे.
पाण्याने धुतलं की जास्त झोंबतं, म्हणून तेल लावायचं,
मग पेन सटकतं.
भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला ती एकदाही चुकली नाही, हेही.
एवढं झाल्यावर वर पाहून विचारलं,
"हे सगळं स्वरूपात बसतं का?"
मला माहीत नव्हतं. मी खाली लिहिलं,
विशेष बाब म्हणून शिफारस,
आणि सही केली, 'कं'सकट.

गुरुवारी समितीची बैठक.
दार लोटलेलं. मी बाहेर, पायरीवर,
हातात योगराजचा दाखला, ज्यावर तारीखच नाही.
आत फाइल उघडल्याचा आवाज आला
आणि प्राचार्य शिंकले.
मग लेखापाल.
मग कुणीतरी पंखा बंद करायला सांगितलं.
समितीत सदस्य पाच आहेत.
चार शिंका झाल्यात.