नखशिखांत

या बेटावर ऊन मोजून मिळतं.
तेव्हा केस उन्हात पांढरे झाले की अनुभवाने,
हा वाद इथे कुणी घालत नाही.

बंदराच्या वळणावर माझं दुकान.
एक खुर्ची, एक आरसा,
कितीही उकळले तरी मासळीचा वास धरून बसलेले टॉवेल.
तीस वर्षं मी माणसं मागून ओळखते:
मानेवरून, भोवऱ्यावरून,
कानामागे सुकलेल्या मिठावरून.

हानुसच्या घरची डोकी तर डोळे मिटूनही.
पिकलेला केस बोटांना वेगळा लागतो,
राठ, सुतळीसारखा हट्टी.
हानुस पंचविशीत पिकला,
त्याची बहीण तुरीद बाविशीत.
गावाला कौतुक. धुक्यातसुद्धा म्हणे
होडी कुणाची ते लांबून कळायचं.

मग हानुस चढावर थांबायला लागला.
मेंढ्या पुढे जायच्या,
हा दगडावर बसून समुद्र बघायचा.
जन्मभर ज्याच्यावर काढला
तो समुद्र काय बघायचा असतो?
आम्ही म्हणायचो, दम धर, हानुस.
तो हसायचा. धरायला तर हवा.

पाठीला नळी लावून डॉक्टरीणबाई म्हणाली होती,
आत कुणीतरी गोठलेल्या बर्फावरून
चोरपावलांनी चालतंय.
पुढच्या फेब्रुवारीत
ते जे कोण होतं ते पोचलं.

आणि रोग्वी, त्याचा मुलगा.
त्याचे केस मी काळे केले.
लग्नाच्या फोटोसाठी म्हणून एकदा,
मग दर सहा आठवड्यांनी,
तीन नंबरची डबी, गडद तपकिरी.
त्याला खोकला लागला तेव्हा बाईने सगळं विचारलं:
सिगारेट, फिशमीलच्या कारखान्यातली धूळ,
कोंबड्या, लोकर, घरातली बुरशी.
केसांचं विचारलं नाही.
काळ्याभोर डोक्याला कोण काय विचारणार?

आता रोग्वी कोपनहेगनला
कुणाच्या तरी फुप्फुसांची वाट बघतोय.
त्याचे केस तिथे वाढतायत, मुळापासून खरे.

बाईचे केस कापताना मी एकदाचं बोलले.
ती आरशातून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
म्हणाली, खूण म्हणजे निकाल नव्हे.
लवकर पिकलेले कितीतरी लोक
काठी न घेता नव्वदी गाठतात.
आमचा याकुप पाद्रीच बघ ना.
पण अशा घरात
खूण लपवू नये.

काल बेइन्ता आली. रोग्वीची बहीण, चोवीस वर्षांची.
टोपी काढली.
डाव्या कपाळावर बोटभर पांढरी बट.
"तीन नंबर," ती म्हणाली, घरच्यासारखं.

मी डबी काढली नाही.
म्हटलं, हात दे.
दोन्ही अनामिका पाठीला पाठ लावून धर,
नखाला नख, खिडकीकडे.
बाईनेच शिकवलं होतं मला:
निरोगी नखांच्या मुळाशी
शंकरपाळ्याएवढीही नाही,
तिळाएवढी एक फट राहते
आणि तिच्यातून उजेड येतो.
बोटांची टोकं फुगली की ती बुजते.
हानुसची बुजली होती. तेव्हा मला वाटलं होतं,
वल्ह्यांनी झालं.

बेइन्ताने एक डोळा मिटला.
बाहेर बर्फाची ट्रॉली गेली, आरसा हलला.
"आहे," ती म्हणाली.
मग मी पाहिलं. आहे.
राखाडी, बारीक, पण उजेडच.

आज आहे, एवढंच त्यातून कळतं.
हे मी बोलले नाही. तिला कळलं असावं,
कारण ती टोपी कुस्करत बसली.

मग म्हणाली, बाकीचे रंगव,
मागचे तुरळक आहेत ते. ही बट ठेव.
सोमवारी बाईकडे घेऊन जाते.
जणू बट म्हणजे दोरीने धरून न्यायचं कोकरू.

मी ठेवली.
पैसे तिने पूर्ण दिले, मी अर्धे परत केले,
त्यावरून आमचं थोडं वाजलंही.

ती गेल्यावर केर काढला.
पाटी उलटी केली.
आणि खिडकीशी जाऊन, कुणी बघत नाहीसं पाहून,
माझीच दोन नखं एकमेकांना टेकवली.
रंगाने काळी पडलेली.